चिरंजीव चन्नवीर

या, असे पुढे या. तिकडे खांबाला पाठ लावून बसलात तर डोळा लागेल, आणि ही गोष्ट अर्धी ऐकली तर माझ्यापेक्षा तुमचाच घोळ होईल. सतरंजी मोठी आहे, सरकून घेतील सगळे. बायांनो, लेकरं मांडीवर घ्या. फार लांबची गोष्ट नाही, कालच्याच मंगळवारची आहे. एका माणसाला भर कचेरीत त्याचाच पत्ता विचारला गेला आणि तो त्याला सांगता आला नाही, त्याची आहे. कीर्तनाच्या मांडवात मी जन्मभर मागच्या ओळीत बसत आलो, कारण मी पुढे बसलो की माझ्या सहा फूट नऊ इंचांमागे एक अख्खं कुटुंब आडोशाला जातं. पण सूर मागेही पोचतो. झांजेचा पहिला ठोका पडला की अजून मला देवळाच्या पायऱ्या चढताना आईनं बोट धरल्यासारखं वाटतं. आज आपल्या कीर्तनकार वैजयंतीबाईंनी मला त्यांच्या गादीच्या शेजारी उभं केलंय. गादीवर नाही, शेजारी. म्हणाल्या, देवाला सांगतोस तसं सांग. देवाला मी आजवर जे जे सांगितलं त्यात हे कधीच नव्हतं.

आई जाऊन मंगळवारी एकवीस दिवस झाले. तिचं शेळगीतलं दोन खोल्यांचं घर आमच्या फाउंडेशनला द्यायचं, गावाकडून खेळायला येणाऱ्या मुलींची तिथे राहायची सोय करायची असं मी ठरवलं होतं, आणि त्याच्या आधी वारस म्हणून माझं नाव लागायला हवं होतं. कचेरीच्या दारातून वाकून आत गेलो तेव्हाच कुणीतरी फोटो काढला; त्याची सवय आहे. वारसनोंदीच्या टेबलामागच्या दानेश्वरी मॅडम चष्मा कपाळावर सारून उभ्या राहिल्या. "अय्या, विरेश सर! तुमी कशाला आलात? कुणालातरी पाठवायचं की. ए, सरांना मोठी खुर्ची दे." मोठी खुर्ची कचेरीत नव्हती. मी आहे त्याच प्लॅस्टिकच्या खुर्चीत गुडघे बाजूला वळवून बसलो. त्यांनी आईचं दुःख विचारलं, माझ्या पोरांचं खेळणं विचारलं, त्यांच्या भाच्यालाही उंची आहे म्हणाल्या, आणि बोलता बोलता कागद उलटत आमच्या गावाकडच्या जुन्या रेशनकार्डाच्या पानावर थांबल्या. "सर, हितं दोन मुलं दिसतायत. विरेश भीमाशंकर, ते तुमी. आणि हे चन्नवीर भीमाशंकर, तुमच्याहून मोठे. हे कुटं असतात?" वरचा पंखा एक पातं जड असल्यासारखा फिरत होता. मी म्हणालो, "काय?" त्या म्हणाल्या, "चन्नवीर. थोरले बंधू ना तुमचे? त्यांची सही लागंल. आणि वाईट वाटून घिऊ नका, नसतीलच, तर मृत्यूचा दाखला लावा. दोनच रस्ते हायत सर. माणूस आणा, न्हाईतर दाखला आणा." हे त्या अतिशय मायेनं म्हणाल्या. माणूस त्यांच्या समोरच बसला होता. खुर्चीत मावत नव्हता, तरी दिसत नव्हता. "बघतो," म्हणालो आणि उठलो.

बाहेर ऊन असं होतं की गाडीच्या दाराला हात लावता येईना. मी गाडीत बसलो, किल्ली लावली नाही. चन्नवीर. हे नाव मी चोवीस वर्षांत दुसऱ्याच्या तोंडून फक्त एकाच ठिकाणी ऐकलं होतं, आणि ते ठिकाण हेच, तुम्ही बसलाय ते. चन्नवीर कुठं असतात! मला अक्कलकोटच्या पुढचं आमचं गाव आठवलं. तिथे एका घरात मराठी आणि कानडी एकाच ताटात वाढतात, आणि कुणालाच त्यातली कुठली कुठली ते सांगता येत नाही. उंबऱ्यावर बसलेला पावणेतीन वर्षांचा एक मुलगा आठवला. त्याच्या डाव्या मांडीवर आईनं तान्हं आणून ठेवलंय. "कूसु धर नीट. मान धर. आगं बाई, मान धर म्हटलं की," असं ओरडून ती चुलीकडे गेलीय. कूसु म्हणजे बाळ. तान्ह्याच्या डोक्याला वेखंडाचा आणि धुपाचा वास. ते वळवळतं, मग मांडीवर एकदम जड होतं, झोपतं. त्याची लाळ माझ्या गुडघ्यावरून ओघळते. पायाला मुंग्या आल्यात तरी मुलगा हलत नाही, कारण मान धरायला सांगितलंय. एवढीच आठवण आहे मला माझ्या भावाची. त्याचं नाव विरेश. बाळंतपण अडलं म्हणून आईला ट्रकमध्ये घालून सोलापूरच्या दवाखान्यात आणलं होतं, त्यामुळे त्याचा जन्म शहरात नोंदला गेला, शिक्क्यासकट. माझा जन्म गावात घरीच झाला, आणि माझा असा कागद कुठेच नव्हता. अकरा महिन्यांनी ताप आणि जुलाब झाले, आणि अक्कलकोटचा दवाखाना यायच्या आत रस्त्यातच ते लेकरू गेलं. गळ्यातल्या इष्टलिंगासकट त्याला बांधावर, कडुनिंबाखाली मातीत ठेवलं. त्या मरणाची नोंद कुणी केली नाही. कुणाला वाटलं असेल की अकरा महिन्यांच्या लेकराच्या मरणालाही कागद लागतो?

सातवीनंतर माझी शाळा सुटली आणि आम्ही सोलापुरात आलो. वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, बाजार समितीत पोती वाहायचे, मीही त्यांच्याबरोबर. आई कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी करून दुकानांना द्यायची. मी सतरा वर्षांचा होतो आणि ट्रकच्या वरच्या थराचं पोतं खाली उभा राहून ओढायचो. एक दिवस पांढऱ्या बुटातले, बास्केटबॉल शिकवणारे एक सर थांबले. "हात वर कर," म्हणाले. केला. "आणखी." टाचा उचलल्या. त्यांनी डोळे मिटून घेतले, एखादी तान जमली की आपण मिटतो तसे. मग अण्णांना वय विचारलं आणि त्यांचं तोंड पडलं. सतराव्या वर्षी पहिल्यांदा चेंडू हातात घेणाऱ्याला कोण विचारतो? पंधराचा असता तर सोळा वर्षांखालच्या निवडीत राज्य हललं असतं, पुढे खेळाडूंचं वसतिगृह, शिक्षण, नोकरी, सगळं. "दोन-अडीच वर्षं इकडंतिकडं सगळेच करतात हो," सर म्हणाले. "फक्त जन्माचा दाखला पक्का पाहिजे. महापालिकेचा." अण्णा पोत्यावर बसले, आणि म्हणाले, "एक दाखला हाय."

त्या संध्याकाळचं घर मला अजून दिसतं. सरांनी कुठूनतरी आणलेले माझ्या मापाचे बूट. आमच्या घरात आलेली पहिली नवी वस्तू. मी दारात बसून एक बूट तोंडाशी धरून वास घेत होतो, रबराचा, डिंकाचा, नव्याचा. आत आई तव्यापुढे बसलेली. अण्णांनी सांगितलं तेव्हा तिचा हात भाकरीवरच राहिला आणि भाकरी करपली. मग म्हणाली, "आवं, त्याचं दुसरं काय ऱ्हायलंय? जमीन न्हाई, घर न्हाई, एक फोटू न्हाई. नाव तेवढं ऱ्हायलंय. तेबी काढून घेता व्हय?" अण्णा खालच्या आवाजात म्हणाले, "गेलेल्याला काय करायचंय नाव? जित्याचं नशीब निघतंय." आई म्हणाली, "मग जित्याला इचारा." दोघांनी माझ्याकडे पाहिलं. बूट माझ्या हातात होता. मी म्हणालो, "मला चालतंय." एवढंच. अण्णांना बोल लावू नका, ते गरीब होते आणि बाप होते. सरांनाही लावू नका. विचारलं मला होतं. दोन शब्दांत मी स्वतःला मारलं आणि भावाला उठवून मैदानात नेलं. आणि खरं सांगू? त्या क्षणी माझं सगळं लक्ष डाव्या बुटाची नाडी कशी ओवायची यात होतं.

पहिल्याच सामन्यात बाकावरून सर ओरडले, "विरेश! विरेश!" आणि मी वळलोच नाही. विश्रांतीत त्यांनी कानाखाली दिली. मग मी वळायला शिकलो. इतका शिकलो की झोपेतही वळू लागलो. निवड बारा जणांची होती. यादीत तेरावा राहिलेला नातेपुत्याचा अमृत नावाचा एक मुलगा होता, खराखुरा पंधरा वर्षांचा. फलकापुढे उभा राहून तो दप्तराचा बंद चावत होता. वर्तमानपत्रांनी मला पंधराव्या वर्षीचा चमत्कार म्हटलं. माझ्या निम्म्या ताकदीच्या पोरांच्या डोक्यांवरून मी चेंडू कढईत जिलबी सोडावी तसा टोपलीत सोडत होतो, यात कसला चमत्कार? पण लोक टाळ्या वाजवतात आणि टाळ्या कानाला गोड लागतात. कीर्तनातही आणि तिथेही. पुढचं तुम्हाला माहीतच आहे, दर वर्षी सत्काराला वाचून दाखवतात. सरकारी कंपनीचा संघ आणि नोकरी, भारताचा बनियन, मग थायलंडमधल्या एका क्लबचा करार, महिना साडेतीन हजार डॉलर, सात हंगाम. पाठीवर इंग्रजीत विरेश. परक्या देशातली पाच हजार माणसं, ज्यांना सोलापूर कुठल्या दिशेला आहे ठाऊक नाही, ती माझ्या भावाच्या नावाचा गजर करायची. फाउलनंतरची मोकळी फेक घ्यायला मी रेषेवर उभा राहिलो की सगळं शांत व्हायचं. त्या शांततेत कधीकधी माझी डावी मांडी जड व्हायची. मुंग्या यायच्या. फिजिओ म्हणायचा, मणक्यातून येतं. मी म्हणायचो, येत असेल.

आईनं मला विरेश म्हणून एकदाही हाक मारली नाही. चन्नवीर म्हणून मारायची सोय नव्हती. ती मला 'थोरल्या' म्हणायची. सत्काराच्या गर्दीतही, "थोरल्या, जेवून जा की!" लोकांना वाटायचं, एवढा ताडमाड पोरगा, म्हणून म्हातारी असं म्हणते, आणि लोक हसायचे. मीही हसायचो. पहिला परदेशी पगार झाला तेव्हा मी तिच्यासाठी पाटल्या केल्या, चार तोळ्यांच्या. दिवाळीला आलो, डबी तिच्या पुढ्यात उघडली. तिनं हात पदराला पुसले, पाटल्या बघितल्या, डबी मिटली. "कुणाच्या पैशाच्या?" मी म्हणालो, "माझ्या की." ती म्हणाली, "तुझं नाव काय हाय तितं?" मी डबी पुन्हा तिच्याकडे सरकवली. "मंग ह्या त्याच्या झाल्या. लेकराची कमाई आई खात न्हाई, थोरल्या. अकरा म्हयन्याचं लेकरू कमवतं व्हय कुटं?" मला राग आला. फार राग आला. मी म्हणालो, मग काय करू या पैशाचं, जाळू? भाकरी थापत, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "वाट. लेकराच्या नावाचं लेकरास्नी जाऊ दे." झालं, असं निघालं तुमचं विरेश फाउंडेशन. वैरागला मैदान, नातेपुत्याला मैदान, वर्षाला तीनशे जोड बूट, या सप्ताहाचा मांडवसुद्धा. व्यासपीठावरून तुम्ही मला दानशूर म्हणता. मी दानशूर नाही हो. माझ्या आईनं माझी कमाई हातात घेतली नाही, म्हणून ती तुमच्यापर्यंत आली. तिच्या हातात शेवटपर्यंत काचेच्या बांगड्या होत्या आणि तव्याचे चटके.

आणि त्यातही मी काय केलं ऐका. सहा वर्षांपूर्वी मी मोहीम काढली, 'खरं वय, खरा खेळ'. शाळाशाळांत माझ्या फोटोचे फलक. पोरांच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वय बघतात, त्याचा खर्च आमचा. मी स्वतः जातो, पोरांचे हात हातात घेतो, सांगतो, बाळांनो, वय चोरू नका, ज्याची जागा तुम्ही घेता तोही कुणाचातरी लाडका असतो. हे मी मनापासून सांगतो आणि ते नाटक नसतं. माझी पापं धुवायला दुसऱ्यांच्या पोरांची मनगटं मी फिल्मवर ठेवत होतो, हे तेव्हा कळत नव्हतं असंही नाही. गेल्या उन्हाळ्यात वैरागची सृष्टी आली. तिचे वडील चुलत बहिणीचा दाखला घेऊन आले होते. एक्स-रेमध्ये दोन वर्षं जास्त निघाली. मी तिला जवळ बसवून समजावलं, पुढच्या वर्षी तुझ्या वयोगटात खेळ म्हटलं. ती रडली नाही. माझ्या मनगटाकडे बघत म्हणाली, "सर, तुमचा काढला हुता का हो?" सगळे हसले. तिच्या वडलांनी तिच्या पाठीत धपाटा घातला. मीही हसलो आणि तिला दोन पेरू दिले.

हे सगळं मंगळवारी त्या गाडीत, किल्ली न लावता. मग मंजुनाथला फोन केला. फाउंडेशनचं सगळं तोच बघतो, हुशार आणि इमानी. आयुष्यात पहिल्यांदा त्याला खरं सांगितलं. पलीकडून रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते. "सर," तो म्हणाला, "कुणाकुणाला बोललाय अजून?" कुणालाच नाही, म्हटलं. "मग बोलू नका. गावाकडनं चन्नवीरचा दाखला काढू. पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी बारकं पोर वारलं, कोण इचारतंय? एक पोर गेलंच हुतं की खरं. नुसतं नाव बदललं." मी म्हणालो, "नाव तेवढंच तर होतं रे त्याचं." तो चिडला. "सर, तुमची नोकरी जाईल, पदकं जातील, जाऊ द्या, तुमी मोठी माणसं. पण दीडशे पोरं खेळतात आपल्याकडं. देणगीदार एका दिवसात उठतील. त्या पोरांचा काय गुन्हा? तुमचं मन हलकं करायला त्यांची मैदानं घालवणार का?" मी फोन ठेवला. मंजुनाथ तिकडे बसलाय, पेटीच्या मागे, खाली मान घालून. त्याचं चुकलेलं नाही. त्याच्याशी नीट वागा.

दाखला काढायचं मी जवळजवळ ठरवलंच होतं. कुणाला कळणार होतं? चन्नवीरला मी एकदा मारलेलंच होतं, आता शिक्का तेवढा मारायचा. आईची अंत्ययात्रा आठवत होती. तिचं विमान, आमच्यात गेलेल्याला बसवून नेतात ती पालखी, खांद्यावर घेतलं तेव्हा माझ्या बाजूनं ते उंच होऊन कलायला लागलं, म्हणून मी गुडघे वाकवून चाललो, सबंध रस्ता, आणि मागचे म्हणत होते, बघा पोरगा कसा वाकलाय आईसाठी. घरी कुठल्या तोंडानं जायचं म्हणून मी संध्याकाळी इकडे आलो. सप्ताहाचा सहावा दिवस होता. वैजयंतीबाईंनी काय आख्यान लावलं होतं ते विचारू नका, माझ्या कानात फक्त तबला पोचत होता. हे मला आयुष्यात पहिल्यांदा झालं. कीर्तनात बसून मला कीर्तन ऐकू आलं नाही. संपल्यावर मी नेहमीसारखा गुडघ्यावर बसलो, कारण उभ्यानं त्यांचा हात माझ्या कपाळाला पोचत नाही. त्यांनी बुक्का लावला आणि हातातली वही उघडली. उद्याच्या नारळांची यादी करत होत्या.

नारळांचं तुम्हाला सांगायला नको. समाप्तीला ज्यानं त्यानं नारळ द्यायचा, ज्याच्या नावानं द्यायचा ते सांगायचं, आणि बाई गादीवर उभ्या राहून ते नाव मोठ्यानं घेऊन त्याच्यासाठी मागणं मागतात. माझी आई दर वर्षी दोन नारळ द्यायची. पहिल्याला बाई म्हणायच्या, "चिरंजीव चन्नवीर, याला उदंड आयुष्य लाभो," आणि तुम्ही सगळे मोठ्यानं हो म्हणायचा. मी चार वर्षं याच मांडवात प्रमुख पाहुणा म्हणून बसून ते ऐकलं आणि सतरंजीचे धागे मोजले. दुसऱ्या नारळाला ती नाव सांगत नसे.

"आईनं नारळ कमलम्माकडे सांगून ठेवलेत बरं का, जायच्या आधी," वैजयंतीबाई म्हणाल्या. शेजारची कमलम्मा मागे उभी होती, तिनं मान हलवली. "एक चन्नवीरचा. एक दरसालचा बिननावाचा. का रे, तुझ्या थोरल्या भावाला आई गेल्याचं कळवलंस का? इतकं मिळवलंस, इतकं वाटलंस, त्याला एकदा शोधावंसं नाही वाटलं?" त्यांच्या बोटांना अजून झांजेची दोरी गुंडाळलेली होती. मी म्हणालो, "तो इथंच आहे बाई." "मग पुढे का येत नाही?" सत्तर वर्षांची बाई, आवाजात कुठे काटा नाही. मी तसाच गुडघ्यावर होतो. सांगितलं सगळं. चार-पाच वाक्यांत झालं. चोवीस वर्षं जे छातीत मावत नव्हतं ते चार-पाच वाक्यांचंच होतं. मला वाटलं त्या मागे सरतील. त्या म्हणतील, या गादीवरून माझ्या तोंडानं खोटं बोलवून घेतलंस. तसं काही झालं नाही. मग वहीतल्या त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "म्हणजे दुसरा नारळ..."

"विरेशचा," मी म्हणालो.

"मी दर वर्षी तिला विचारायची, अगं सुंदरम्मा, नाव तर सांग. ती म्हणायची, देवाला ठावं हाय." त्यांनी दोरी सोडवायला घेतली आणि ती सुटेना. "कशी सांगणार होती? नाव घेतलं असतं तर सगळ्या मांडवानं तुझ्याकडं बघितलं असतं. तिच्या मेलेल्या लेकराचं नाव या गादीवरून एकदाही घेतलं गेलं नाही, आणि घेणारी मी होते."

कमलम्मानं पदर तोंडाला लावला. ती म्हणाली, "शेवटच्या दिशी ती ईरेश, ईरेश म्हणत हुती. आमी सगळी तुला पुढं ढकलत हुतो की रं. तू तोंडापुढं गेलास की ती मान फिरवायची."

ते मला माहीत होतं. तिनं मान फिरवली ते मी पाहिलं होतं. ती मला टाळत नव्हती, माझ्या मागे कुणी आहे का ते बघत होती.

आज सकाळी आईची पेटी उघडली. तळाशी गावच्या शाळेचा माझा सातवीचा दाखला, चन्नवीर भीमाशंकर, वर्तणूक चांगली. त्याच्या घडीत एक टोपडं, माझ्या मुठीएवढं. तो दाखला घेऊन कचेरीत गेलो. दानेश्वरी मॅडमना म्हटलं, "माणूस आणलाय." त्या दाराकडे बघायला लागल्या. मग सांगितलं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, काढला, शेजारच्या टेबलावरच्या माणसाला चहा सांगून बाहेर पाठवलं. "सर, अजून कागद आत गेला न्हाई. मी काय ऐकलं न्हाई. घरी जावा." मी बसून राहिलो. "पासपोर्ट, नोकरी, सगळंच की हो सर! केस होईल तुमच्यावर." होईल, म्हटलं. त्यांनी सुस्कारा टाकला आणि वारसांचा तक्ता पुढे ओढला. नाव, नातं, वय, व्यवसाय असे रकाने. पहिल्या ओळीत मला भरलं. दुसरी ओळ. "मयत मुलगा, विरेश. वय?" अकरा महिने. "व्यवसाय?" सवयीनं त्यांच्या तोंडून गेलं, आणि आम्ही दोघंही त्या रकान्याकडे बघत राहिलो. केवढं काय केलं होतं त्यानं! देशाकडून खेळला, परदेशात गाजला, मैदानं बांधली, हजारो पोरांच्या पायात बूट घातले. मॅडमनी त्या रकान्यात हळूच एक आडवी रेघ ओढली. मग सही कुठे करायची ते बोटानं दाखवलं. चन्नवीर अशी सही मी सातवीनंतर केली नव्हती. हाताला ती येईना. आली ती सातवीतल्या पोराच्या अक्षरात आली, वेलांटी ओळीबाहेर.

तर अशी आहे गोष्ट. उद्या काय होईल ते मला माहीत नाही. वर्तमानपत्रं येतील, कंपनीचं पत्र येईल, फाउंडेशन राहतं की जातं बघू. मला क्षमा करा असं मी म्हणणार नाही. ज्याच्याकडे मागायची तो बोलायला शिकायच्या आत गेला. सृष्टी, तू आलीयस, दिसतेस मला. तू विचारलं होतंस त्याचं उत्तर राहिलं होतं बाळ. नाही, माझा काढला नव्हता. आणि अमृत, तू कुठे असशील, बारा जणांतली ती जागा तुझी होती.

आता बाई नारळ घेतील. पहिल्याला काय ते तुम्ही म्हणा, नाही म्हणालात तरी चालेल, चन्नवीरला आयुष्य पुष्कळ मिळालंय. दुसऱ्या नारळाला त्या पहिल्यांदाच नाव घेतील. ते ऐकलंत की माझ्याकडे बघू नका. त्याला माझी उंची देऊ नका, माझा बनियन घालू नका, माझी पदकं त्याच्या गळ्यात नकोत. तो एवढा होता, डाव्या मांडीवर मावेल एवढा, आणि डोक्याला वेखंडाचा वास होता. मायबापहो, घरी जाल तेव्हा घडीभर त्याची आठवण करा. आणि आठवण करताना मान तेवढी धरा.